कोकणातलं मूळ घर आणि वंशावळ: कागद आणि भिंती एकत्र कशा वाचायच्या?

आगरवाट

शिमगा झाला, मे महिना जवळ आला की इथे दोन प्रकारचे धागे हमखास निघतात. एक, आमची वंशावळ कुठे मिळेल? दुसरा, गावचं घर किती जुनं असेल आणि आता त्याचं करायचं काय? दोन्हींना वेगवेगळ्या ठिकाणी उत्तरं मिळतात आणि घोडं तिथेच पेंड खातं. कोकणातल्या बहुतेक घराण्यांचे कागद तुटक आहेत, घरांवर तारखा क्वचित आहेत. पण फेरफारातलं (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या सरकारी नोंदीतलं) वाटप माजघराच्या भिंतीत दिसतं, आणि बुजवलेल्या दरवाजाचं कारण फेरफारात मिळतं. म्हणून हा एकत्र धागा. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. इथे कुठे जायचं, काय मागायचं, काय मोजायचं, कुठे फसगत होते एवढंच लिहूया.

कागदांपासून सुरुवात करतो. आजचा सातबारा काढा आणि नावं सोडून आधी फेरफार क्रमांक बघा. हस्तलिखित सातबाऱ्यावर ते नावाशेजारी वर्तुळात असतात, संगणकीकृतवर जुने क्रमांक तळाच्या चौकटीत. त्यातला सर्वांत जुना क्रमांक घेऊन गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागा. वारस फेरफारात मयताचं नाव, बहुतेकदा मृत्यूची तारीख, वारसांची नावं आणि वयं असतात. एका पानात दोन पिढ्या मिळतात. वयावरून जन्मसाल काढता येतं, पण तलाठ्यासमोर सांगितलेली वयं पाचाच्या पाढ्यात असतात (२५, ३०, ४५), तेव्हा पाच वर्षं इकडेतिकडे धरा.

हक्कनोंदीचा मुंबई कायदा १९०३ चा. फेरफारांची साखळी त्याच्या मागे जात नाही. बऱ्याच जणांचा शोध इथेच थांबतो, पण थांबायचं कारण नाही.

मागे जाण्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची नोंद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. जुनी पानं मोडी लिपीत. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी, एवढंच. त्यामुळे जन्मापेक्षा मृत्यूच्या नोंदी जास्त उपयोगी.

तिसरी जागा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि आजोबा-पणजोबांचं अंदाजे वर्ष लिहा. त्यात जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असा रकाना असतो. घराणं मुंबईला कधी सरकलं ते त्या रकान्यात कळतं. १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी ठरवलेली आहे असं समजून चाला.

---

मोडीरेघ

चांगला धागा. नावं वाचताना ज्या गोष्टींनी वंशावळ चुकते त्या लिहितो.

कोकणात नातवाला आजोबांचं नाव. म्हणजे विष्णु बिन रामचंद्र, मग रामचंद्र बिन विष्णु, मग पुन्हा विष्णु बिन रामचंद्र. दोन वेगळ्या पिढ्यांतले दोन विष्णु एकच धरले की मधली ५० वर्षं गायब होतात. उपाय एकच: नुसत्या नावावर माणूस ओळखायचा नाही. नाव, बाप, सर्व्हे नंबर आणि साल हे चारही जुळले तरच एक माणूस. सख्खे-चुलत एकाच नावाचे असतील तर सर्व्हे नंबरच सोडवतो.

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसलमान कुटुंबांत ‘वलद’, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. विधवेच्या नावावर जमीन चढली असेल तर तिथे ‘कोम’ दिसेल. पुढच्या फेरफारात एकदम परका वाटणारा माणूस आला तर दत्तक आहे का ते पाहा. दत्तकाचा जनक बाप वेगळ्या गावचा असू शकतो.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं दिसली की समजायचं, या माणसाला भाऊ होते आणि त्यांची नावं कागदावर आलेली नाहीत. अर्धी कोकणी भांडणं या तीन अक्षरांत आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक लहान मूल आहे, नाव पुढे लिहिलेलं मोठं माणूस पालक आहे. पालकाला बाप समजून वंशावळी छापलेल्या आहेत.

मुली जुन्या वारस फेरफारांत दिसत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर दिसायला लागतात, आणि लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून जातातही. त्या दोन फेरफारांच्या मधल्या कागदात मुलींची सासरची नावं आणि गावं असतात. आत्याकडची शाखा तिथेच सापडते.

आता सालं. घराच्या चौकटीवर किंवा तुळशीवृंदावनावर ‘शके’ असेल तर ७८ मिळवा. महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९. मोडी कागदात मात्र बहुधा सुहूर सन (मराठेशाहीत चालणारी कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत. १ ते ९: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा अशर, मग अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. एकक आधी, हजार शेवटी. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तेव्हाचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. हा सन मृगाला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६०० मिळवायचे. तारखेआधी ‘छ’ असेल तर ती चंद्राची, मुसलमानी महिन्यातली तारीख आहे.

आकडे वाचताना उभ्या रेघा जपून. १२॥। हे बाराशे-काहीतरी नाही, पावणेतेरा आहेत.

---

सुरंगी

वाचनखूण साठवली. एक विचारते. खोतांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या, घराण्यांचे कागद मिळतात हे खरं, पण ज्यांची घरं कुळांची, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्यांची होती त्यांनी काय करायचं? आमच्याकडे ‘आमचे कागद खोताच्या पेटीत होते’ एवढंच सांगतात.

---

तक्षीम

@सुरंगी, कुळांचे कागद नाहीत असं लोक म्हणतात, पण शोधणाऱ्याच्या अंगात चिकाटी असेल तर कुळांचेच जास्त मिळतात. तीन थर आहेत.

पहिला, बोटखत. १८८० चा खोती कायदा झाल्यावर रत्नागिरीतल्या खोती गावांत जमाबंदीच्या वेळी ही यादी तयार झाली: कोणत्या नंबरात कोण कसतो, त्याचा हक्क कोणता आणि तो खोताला काय देतो. जिथे उपलब्ध आहे तिथे १९ व्या शतकातला कसणारा माणूस बापाच्या नावासह मिळतो.

दुसरा, खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा, अंमल १९५० पासून. त्यानंतरच्या फेरफारांत जमीन कुणाच्या नावावर कोणत्या हक्काने गेली ते येतं. (डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करण्याचं विधेयक १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. कायदा व्हायला बारा वर्षं लागली, आणि त्या बारा वर्षांत किती पहाणीपत्रकांवरची (जमीन कोण कसतो या नोंदीतली) नावं बदलली असतील ते बदलणाऱ्यांनाच ठाऊक.)

तिसरा आणि सर्वांत उपयोगी: कुळकायद्याच्या कलम ३२-ग ची प्रकरणं. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा तो मालक ठरला. त्यानंतर शेतजमीन न्यायाधिकरणासमोर प्रत्येक कुळाची किंमत ठरवण्यासाठी चौकशी झाली. त्यात कुळाचा जबाब असतो: बाप कधीपासून कसत होता, भाऊ किती, कोण मुंबईला गिरणीत आहे. किंमत भरल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘३२-ग’ किंवा ‘३२-म’ असा शेरा आणि प्रकरणाचा क्रमांक दिसला तर तो क्रमांक व साल घालून तहसीलमधून अख्ख्या प्रकरणाची नक्कल मागा. नुसता निकाल मागू नका, तो एका पानाचा असतो. जबाबासह पूर्ण संचिका मागा.

अजून एक. गावच्या शाळेवर, चावडीवर संगमरवरी पाटी असेल, १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून इतकी माणसं गेली अशी, तर तिचा फोटो घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. नावं नसतात, पण घरात लष्कराची पेन्शन येत होती असं कुणी म्हणत असेल तर त्या बोलण्याला आधार मिळतो.

---

आगरवाट

तक्षीम यांच्या प्रतिसादात एक भर. अर्ज करण्याआधी आपलं गाव तेव्हा कोणत्या अमलाखाली होतं ते ठरवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं सगळं ‘रत्नागिरी’ नावाखाली. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं. तिथल्या गावांची जुनी दफ्तरं इंग्रजी मुलखासारखी लावलेली नाहीत. १८१८ च्या आधीचं पाहायचं तर पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर. पण तिथे गावाचं नाव, तर्फ आणि परगणा (जुने महसुली विभाग) माहीत असल्याशिवाय गेलात तर दिवस फुकट. ‘आमचं आडनाव अमुक’ एवढ्यावर तिथे काही सापडत नाही.

---

पाखाडी

त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि दक्षिणेकडच्या लोकांसाठी गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या कुणी अजून लिहिल्या नाहीत. वही आडनावावर आणि गावावर लावलेली असते. जाताना चार गोष्टी न्या: मूळ गाव (आजचं नाव, जुनं नाव, तालुका), गोत्र असेल तर गोत्र, कुलदैवत आणि तीन पिढ्यांची नावं. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर मिळतो, सोबत कोण आले होते तेही. वहीचा फोटो परवानगी घेऊनच. दक्षिणा द्यावी लागते, ती आधी बोलून घ्या.

दुसरा मार्ग देवळाचा. ग्रामदेवतेच्या पालखीचा मान कोणत्या क्रमाने जातो, होळीचा माड पहिला कुणाच्या आगरातला, गाऱ्हाण्यात (देवापुढच्या सामूहिक प्रार्थनेत) कुणाचं नाव आधी घेतात, हे लिहून काढा. गावऱ्हाटीत (देवस्थानाच्या परंपरागत गावव्यवस्थेत) मान थोरल्या घराकडून धाकट्याकडे जातो. कागद नसलेल्या गावात थोरली पाती (घराण्याची शाखा) आणि धाकटी पाती ओळखायचं हे सगळ्यांत भरवशाचं साधन. गुरवांना विचारा, आणि मानकऱ्यांना वेगळं विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर मानाचा कोर्टात वाद झालेला असतो, आणि वाद झाला असेल तर उत्तमच, कारण दाव्याच्या कागदात दोन्ही बाजूंनी आपापली वंशावळ जोडलेली असते.

‘-कर’ आडनावावरून गाव शोधणाऱ्यांना सूचना: चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर कुणी म्हणत नाही. ते नाव बाहेर पडल्यावर लागतं. आणि एकाच गावाचं ‘-कर’ अनेक जातींत, मुसलमानांत, अलिबागकडच्या बेने इस्रायलींतही (कोकणी ज्यूंतही) आहे (किहीमकर, पेणकर). आडनाव सारखं म्हणून भाऊबंद ठरवू नका. गाव जुनं म्हणून घराणं जुनं, हेही नाही. कशेळीच्या कनकादित्याकडे (सूर्यमंदिरात) शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ चा ताम्रपट आहे. त्याने गावाचं नाव आठशे वर्षं मागे जातं. आज गावात राहणाऱ्या कुणाचीही वंशावळ त्याने एक पिढीही मागे जात नाही.

---

चिरेबंद

आता घरांकडे वळू. कागदवाल्यांनी बराच वेळ घेतला. 🙂

घराचं वय विचारताना ‘घर’ म्हणजे कोणता भाग ते आधी ठरवा. जोतं, भिंती, लाकूड आणि छप्पर, चारांची वयं चार असतात. जोतं शंभर वर्षांनी जुनं आणि छप्पर परवाचं, हे कोकणात नेहमीचं.

जोतं: काळा दगड आहे की जांभा? कोपऱ्याचे दगड एका मापाचे की मिळतील तसे? जोत्यावर न वापरलेली खांबपीठं किंवा पुढे मोकळा पट्टा उरला असेल तर आधीचं घर मोठं होतं.

भिंत: जांभ्याच्या चिऱ्यावर टाकीचे तिरके घाव असतील तर तो हाताने घडवलेला. समांतर, किंचित वळलेल्या रेघा असतील तर मशीनचा, म्हणजे अलीकडचा. गिलाव्यामागे पाहायचं असेल तर भिंत फोडू नका. माळ्यावर जा, तिथे गिलावा केलेलाच नसतो. दोन चिऱ्यांच्या मध्ये मातीचा गारा आहे की चुना तेही तिथेच दिसतं.

उभा सांधा शोधा. चिऱ्यांचे थर एकमेकांत गुंफलेले हवेत; एखाद्या ठिकाणी जोत्यापासून वरपर्यंत सरळ उभी रेघ गेली असेल तर ती भिंत नंतर जोडलेली. माजघरात अशी रेघ, दोन चुली, दोन न्हाण्या आणि देवघर मात्र एकाच बाजूला, म्हणजे घर वाटलं गेलंय आणि देव थोरल्याकडे राहिले. आता त्या काळातला वाटपाचा फेरफार काढा. फेरफारात ‘घराचा पूर्वेकडील निम्मा भाग’ असं लिहिलेलं असेल आणि तुमची रेघ पश्चिमेच्या तिसऱ्या भागात असेल तर ते वाटप नाही, आणखी एक झालेलं आहे आणि एक शाखा तुमच्या वंशावळीत नाही.

दरवाजे: बिजागरीवर फिरणारा दरवाजा की वर-खाली खुंटीवर फिरणारा? खुंटीचा बहुधा जुना. अडसराची भोकं भिंतीत दोन्ही बाजूंना असतील आणि आज तिथे दरवाजाच नसेल, तर ती भिंत एके काळी बाहेरची भिंत होती. घर कोणत्या दिशेला वाढलं ते असं कळतं.

लोखंड: तुळई म्हणून रेल्वेचा रूळ किंवा लोखंडी गर्डर घातला असेल तर मधल्या पट्टीवर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने गंज काढा. कारखान्याचं नाव, आणि रुळावर बऱ्याचदा सालही उठावात उमटवलेलं असतं. घराचा तो भाग त्या सालाच्या नंतरचा, एवढंच यावरून म्हणता येतं. रूळ जुने विकत घेतलेले असतात.

कौलं: मंगळुरी कौल पालथं करा. खाली कारखान्याचा शिक्का असतो. आधी नळे (अर्धगोल देशी कौलं) होते का, ते वाशांवरून कळतं: मंगळुरी कौलाच्या रिपा ठरावीक अंतरावर लागतात, नळ्यांच्या छपरात पोफळीच्या किंवा बांबूच्या रिपा दाट असतात. वाशांवर खिळ्यांच्या दोन वेगळ्या रांगा दिसल्या तर छप्पर बदललेलं आहे.

---

वळचण

आमच्या कौलावर चक्क १८६५ लिहिलंय. म्हणजे घर १८६५ चं धरायला हरकत नाही ना?

---

चिरेबंद

हरकत आहे. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, आणि ते साल स्थापनेचं म्हणून शिक्क्यात कायम राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले तरी त्यांच्याही कौलांवर १८६५ आहेच. शिक्क्यातलं कंपनीचं नाव बघा. ‘कॉमनवेल्थ’ असेल तर कौल महायुद्धानंतरचं. एकाच पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) चार कारखान्यांची कौलं निघतात. सर्वांत जास्त ज्याची, ते मूळ छप्पर, बाकीची ठिगळं.

---

खळ्यातलो

बरोबर आसा. आणि ठिगळांचो वायट असो, येका कारखान्याचा कौल दुसऱ्याच्या खाचेत बसना नाय. जुनी कौला इकत घेताना आपला येक कौल पिशवेतसून न्या आणि थयच बसवन बघा. नुसता मोज घेवन जाव नकात.

---

कोनेरी

दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बंद घरं पडतात ती वयामुळे नाही.

पडण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला. आंब्याची फांदी, नारळ नाहीतर माकडं यांनी दोन-चार कौलं सरकतात. पाणी वाशाच्या टोकावर, म्हणजे भिंतीवर टेकतं त्या जागी उतरतं. टोक कुजतं, पाखा तेवढ्यापुरता खाली बसतो, वरची आणखी कौलं सरकतात. आता पाणी भिंतीच्या माथ्यातून आत जातं, मातीचा गारा धुऊन खाली येतो, चिरे सुटे होतात आणि भिंत पोट काढते. पहिल्या सरकलेल्या कौलापासून भिंत पडेपर्यंत चार-पाच पावसाळे पुरतात. त्यामुळे खर्चाचा क्रमही तोच: छप्पर, मग भिंतीचा माथा, मग भिंत. जमीन, रंग, संडास-बाथरूम शेवटी. लोक नेमके उलटे जातात.

गळती उन्हात शोधू नका. जुलैत दोन दिवस जा, गळतंय त्या जागी खालून वाशावर चुन्याची खूण करा. काम डिसेंबर ते मार्चमध्ये.

कौलं उतरवताना एक अख्खा पाखा रिकामा करू नका. दोन्ही बाजूंनी थोडी-थोडी उतरवा, नाहीतर आढ्यावर एकाच अंगाचं ओझं येऊन जुने सांधे सरकतात. उतरवलेली कौलं आडवी रचू नका, काठावर उभी ठेवा. १०० चौरस फुटाला १४० ते १५० कौलं लागतात, त्यात फुटीसाठी दहा-पंधरा टक्के जादा धरा. आढ्यावरचे कोने वेगळे मोजा, ते ऐनवेळी कमी पडतात.

वाशाचं टोकच कुजलं असेल तर पूर्ण वासा बदलायची गरज नाही. चांगल्या लाकडापर्यंत तिरका काप घेऊन, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बोल्टने जोडता येतो. काप वाशाच्या जाडीच्या निदान तिप्पट-चौपट लांब हवा. ऐन, किंजळ, फणस, साग यांपैकी काय आहे ते सुताराला ओळखू द्या. काजूच्या टरफलाचं तेल (होड्यांना लावतात तेच) वाळवीवर चालतं, पण लाकूड पूर्ण कोरडं हवं आणि हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यात. कातडी भाजते, फोड येतात.

वाळवीची मातीची नळी नुसती खरवडून उपयोग नाही. ती जोत्यावरून कुठून चढली ते शोधा. जोत्याला टेकवलेली लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, भिंतीला लागून वाढवलेली मातीची भर, यातलंच काहीतरी असतं. जोत्याची खालची सहा इंच कायम उघडी दिसली पाहिजेत.

भिंतीला ओळंबा लावा. दीड फुटी भिंत दोन-तीन इंच पोट काढून असेल तर त्यावरचं छप्पर आधी टेकूवर घ्या, मगच चिरे काढा. चिऱ्यांना खडूने आकडे घालून, फोटो काढून उतरवा. त्याच जागी परत बसतात.

---

वळचण

गवंडी म्हणतोय सगळीकडून सिमेंटचा गिलावा मारू, वर स्लॅब टाकू, कटकट मिटेल.

---

कोनेरी

स्लॅबचं गणित साधं आहे. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस फुटाला २३ ते २४ किलो. कौलं चौरस फुटाला चारच्या आसपास, लाकूड धरून सहा. मातीच्या गाऱ्यातल्या चिऱ्यांवर चौपट ओझं, तेही बीम-कॉलम न घेता. भिंत लगेच पडत नाही, म्हणून गवंडी बिनधास्त असतो.

सिमेंटचं म्हणाल तर जांभा पाणी पितो आणि सोडतो. बाहेरून सिमेंट लावलं की जोत्यातून चढलेलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही, ते आतल्या बाजूला फुटतं. खारं वारं असलेल्या पट्ट्यात दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, आणि सुटताना चिऱ्याची वरची कातडी घेऊन जातो. चमकदार सीलर लावणाऱ्यांचंही हेच होतं.

चुना वापरा. शिंपल्यांचा मिळाला तर उत्तम. भाजलेला चुना पाण्यात विझवून, वर पाणी ठेवून निदान १५ दिवस मुरवायचा; घाईने लावलेल्यात न विझलेले कण राहतात आणि नंतर भिंतीवर फोड उठतात. एक भाग चुना, तीन भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू नाही, कितीही धुतली तरी. भिंत आधी भिजवा, थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आठवडाभर ओली पोती लावून ठेवा. पावसाआधी दोन महिने तरी संपवा. पश्चिमेच्या भिंतीला मेअखेर झापांची झड (विणलेल्या नारळीच्या पानांचा आडोसा) बांधली तर कोणताही गिलावा दुप्पट टिकतो. ही गोष्ट आजकाल निळ्या प्लास्टिकने करतात. ते भिंतीला चिकटून बसतं आणि आतली ओल कोंडतं. लावायचंच तर मध्ये वीतभर अंतर सोडा.

---

तक्षीम

पैसे घालण्याआधी घर कुणाचं आणि जमीन कुणाची, हे दोन प्रश्न वेगळे विचारा. कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे बरीच घरं गावठाणात नाहीतच, सर्व्हे नंबरात आहेत. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी यादीला, जमीन सातबाऱ्याला. दोन्हींवरची नावं बहुधा जुळत नाहीत. घरपट्टी भरली म्हणजे मालकी झाली असं नाही, पण जुन्या आकारणी याद्या इतिहासासाठी सोन्यासारख्या: घर कौलारू की गवती, मातीचं की चिरेबंदी, किती खण, कोणत्या साली दोन घरनंबर झाले, सगळं येतं. घरनंबर फुटला ते साल चिरेबंद यांच्या उभ्या सांध्याशी ताडून पाहा.

सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं असतील तर दुरुस्तीला निदान राहत्या शाखांची लेखी संमती घ्या. मयतांची वारसनोंद आधी करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ लागते. या धाग्यात जमवलेली वंशावळ इथे कामाला येते, पण त्यात मुली, विधवा सुना आणि परदेशी असलेले सगळे हवेत. एक नाव गाळलं तर नोंदीला हरकत येते आणि वर्षं जातात.

---

सुरंगी

३२-ग च्या संचिकेसाठी अर्ज कसा लिहायचा? प्रकरण क्रमांक सातबाऱ्यावर पुसट आहे, साल दिसतंय.

---

तक्षीम

क्रमांक नसला तरी चालेल. गाव, जुना सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर, कुळाचं पूर्ण नाव आणि साल ‘अमुक ते अमुक’ अशा तीन-चार वर्षांच्या टप्प्यात लिहा. एकच साल लिहिलंत तर ‘आढळून येत नाही’ असं उत्तर येतं. गट नंबर लिहू नका, त्या काळच्या नोंदवह्या सर्व्हे नंबरावर आहेत. नवा-जुना मेळ हवा असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून आकारफोडची नक्कल आधी घ्या आणि तीच अर्जाला जोडा. अर्जावर कोर्ट फी तिकीट, दुसऱ्या प्रतीवर पोच. काही तालुक्यांची जुनी पानं ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर चढवलेली आहेत, तिथे आधी बघून घ्या. आणि अर्ज मे महिन्यात देऊ नका. सगळे चाकरमानी तेव्हाच देतात.